रानातलं दार

९ नोव्हेंबर १९७६

आज पुन्हा वरणात खडा लागला. दाढ अजून ठणकते आहे. आत्याबाईंना म्हटलं, डाळ जरा उजेडात बसून निवडत जा. तर म्हणतात, "उजेडातच बसली होती व. खडाच डायीच्या रंगाचा असंन तं मी काय करू?" सासूशी वाद घालायचं त्राण नव्हतं. चूळ भरली आणि तसंच जेवण उरकलं.

दिवसभर शाळा, आणि शाळा सुटली की केसेस. वरून हुकूम आहे, प्रत्येक मास्तरामागे कुटुंबनियोजनाच्या अमुक इतक्या केसेस झाल्याच पाहिजेत. मी गल्लीत शिरले की कवाडं लागतात. आत माणसं बोलत असतात, चुलीचा धूर निघत असतो, आणि मी बाहेर कडी वाजवत उभी. याच बायका पूर्वी 'बाई, चहा घेऊन जा' म्हणून पदर ओढायच्या. त्यांचाही दोष नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही कडी लावून बसले असते.

घरी आले तर इंद्रभानदादा मंगरूळपीरहून येऊन बसलेला. माझ्या या थोरल्या भावाचं हल्ली एकच टुमणं आहे. तिथल्या शाळेतल्या एका बाईंना कामरगाव पाहिजे, त्या आपसात बदली करायला तयार आहेत, अर्ज टाक आणि ये. "देवमन जाऊन दोन वर्सं झाले, अंजने. किती दिवस हे घर धरून बसशीन? अजून वय हाये तुहं." वय आहे म्हणजे काय ते मला कळतं. मी म्हटलं, म्हातारीचं काय? तर आत्याबाई आतूनच कडाडल्या, "मले काय धाड भरली? हातपाय चालतेत. एक डोया पिकला तं एक शाबूत हाये. जाय तू खुशाल." गेल्या वर्षी डोळ्यांच्या शिबिरातले डॉक्टरही एक डोळा चांगला आहे असंच म्हणाले होते. अर्ज लिहून ठेवलाय. टाकलेला नाही.

देवमन हे नाव लिहिताना काही वाटत नाही. बोलताना अजून जीभ अडते.

१६ नोव्हेंबर

किसनसिंगची टूरिंग टॉकीज आली. कापूस निघाला, लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळले की दरवर्षी बाजाराच्या मैदानात त्याचा तंबू पडतो. आमचे हे हंगामात त्याच्याकडे दारावर तिकिटं फाडायला उभे राहायचे, तेव्हापासूनची ओळख.

संध्याकाळी कडी एकदा वाजली. मी उठायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "किसनसिंग आला." पाहिलं तर खरंच तो, दारापासून मागे सरून लिंबाखाली उभा. फटीतून दिसला असेल त्यांना. म्हातारीची एक डोळ्याची नजर माझ्या दोन डोळ्यांपेक्षा बरी म्हणायची.

चहा घेता घेता तो म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमाले एक खबर द्यायची होती. तो दाढीवाला आठवते काय? त्याचा शिनेमा अमरावतीले येऊन पडला हाये. एका कॉलेजात पोट्ट्यायचं शिनेमाचं मंडळ हाये, त्यायच्यापाशी. देवमन हाये न त्यात."

माझ्या हातातली बशी खाली ठेवावी लागली. आत्याबाईंनी मात्र लगेच विचारलं, "बोलते काय त्यात तो?"

"बोलत असंन न माय. बोलपट हाये."

"मंग मले पायाचा हाये," आत्याबाई म्हणाल्या. "डोये पुरते जायच्या आंधी एक डाव पायाचा हाये."

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो दाढीवाला आला होता. मुंबईचा तरुण माणूस, बोलणं मऊ, पण डोक्यात काय चाललंय ते कुणालाच कळायचं नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांतून त्याने यांना उचललं. म्हणाला, तुमचं चालणं मला पाहिजे. चालणं! आम्ही किती हसलो होतो. मग त्याला आमच्या घराचं दारही पाहिजे झालं, कारण त्याचा निळा रंग उडालेला आणि कडी जुनी, जाड, ओतीव. बिजागऱ्यांतून दार काढलं आणि यांच्या डोक्यावर दिलं. हे दार घेऊन रानोमाळ चालायचे, शालिग्राम पाटलांच्या उजाड वावरात ते उभं करायचे, कडी वाजवायचे, थांबायचे, पुन्हा दार डोक्यावर. तोवर आम्ही दाराला पोतं लावून झोपत होतो, आणि कुत्री आत येऊन भाकरी नेत होती. शेवटच्या दिवशी दार परत बसवलं, तेव्हा एक पोरगा कानाला डबे लावून, काठीला बांधलेलं यंत्र धरून उंबऱ्याशी बसला आणि यांना दहादा कडी वाजवायला लावली. तिन्हीसांजेची वेळ होती. आत्याबाई आतून चिडून म्हणाल्या, "अरे किती डाव वाजवशीन?"

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात काविळीने हे गेले. घरात यांचा एकही फोटो नाही. लग्नातला एक होता, तो वाळवीने खाल्ला.

मला हा सिनेमा नको आहे. जखमेने कशीबशी खपली धरली आहे, ती पुन्हा कशाला खाजवायची? पण आत्याबाईंना नाही कसं म्हणू?

२३ नोव्हेंबर

मंडळाला पत्र टाकलं. काही उत्तर येईल असं वाटत नाही. आज तीन गल्ल्या फिरले, एक दार उघडलं, ते लेकराने, आणि त्याच्या आईने मागून येऊन ते लावलं.

किसनसिंग आला होता. गॅसबत्तीचं नवं मॅंटल घेऊन आला, म्हणाला जास्तीचं पडून होतं, तुमाले वह्या तपासायले होईन. चहा दिला. तो गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "याले चहाची लयच तल्लफ दिसते. त्याच्या तंबूपुढं तं हाटेल हाये न?" मी म्हटलं, हॉटेलातला चहा पाणचट असतो. त्यावर त्या नुसत्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

६ डिसेंबर

विहारात गेलो होतो. गर्दी पुष्कळ. आत्याबाईंनी मेणबत्ती लावायला हात पुढे केला आणि ज्योत थेट गंगूच्या पदराला लागता लागता राहिली. गंगू आमची शेजारीण, तोंडाची फटकळ. येताना मला म्हणाली, "तुही सासू हल्ली रस्त्यानं जय भीम घालतला तरी पायत नाही. गर्व झाला काय तिले?" मी म्हटलं, गर्व कशाचा होणार गं आमच्या घरात. घरी येऊन आत्याबाईंवर चिडले, की माणसात वागताना जरा धड वागावं. लुगडंही आज उलटं नेसल्या होत्या. मला नंतर वाईट वाटलं, पण माफी मागायचाही कंटाळा आला. अशी मी नव्हते.

१० डिसेंबर

मंडळाचं कार्ड आलं. सिनेमा एका रात्रीपुरता देतील. देशात याची एवढी एकच प्रत फिरते आहे, पुण्याला एकदा दाखवला आणि परदेशात एकदा. जपून न्यावा, दुसऱ्या दिवशी परत पोचवावा.

किसनसिंगला दाखवलं. मी सांगूनच टाकलं, हा काही चालणारा सिनेमा नाही, तुमची रात्र फुकट जाईल. तो म्हणाला, "जाऊ द्या न. एक रात्र देवमनच्या नावानं." धंद्याच्या माणसाने एवढं नुकसान सोसावं याचं आश्चर्य वाटलं. मैत्री पक्की असली पाहिजे दोघांची. रिळांच्या पेट्या आणायला तो स्वतःच एस्टीने अमरावतीला जाणार आहे.

१३ डिसेंबर

सकाळपासून टांग्यावर भोंगा बांधून किसनसिंगचा माणूस गावभर ओरडत होता: "आपल्या कामरगावच्या देवमनचा शिनेमा! फायटिंग, गाने, जंगल, भरपूर मसाला! आज रात्री, एकच खेळ!" मी शाळेच्या खिडकीतून ऐकलं आणि डोक्याला हात लावला. जाऊन विचारलं, फायटिंग कुठे आहे हो त्यात? तर म्हणतो, "मास्तरीणबाई, फायटिंग नाही म्हनलं तं मानूस तंबूत पाय ठेवत नाही. आले की पायतील."

शालिग्राम पाटील दुपारीच सांगून गेले की त्यांची बैलजोडी सिनेमात आहे म्हणून घरची सगळी माणसं येणार. आत्याबाई पहाटेच न्हाऊन बसल्या होत्या. अर्ज अजून पेटीत आहे.

आता जाते.

१४ डिसेंबर

रात्री लिहिणं शक्य नव्हतं. शाळेतून अर्धी रजा टाकून आले. सगळं उतरवून ठेवते.

तंबू गच्च भरला होता. बायकांची बाजू डावीकडे, पुरुष उजवीकडे, मधे दोरी. किसनसिंगने यंत्रापुढे नारळ फोडला. आम्हाला त्याने सगळ्यांत पुढे, पडद्याजवळ सतरंजी टाकून दिली होती. आत्याबाई म्हणाल्या, "भोंग्याचा डबा कोनत्या बाजूनं हाये?" मी म्हटलं, डावीकडे, खांबाला. तर त्या सरकून खांबाजवळ बसल्या. मी म्हटलं, इथून पडदा तिरपा दिसतो, मधे या. "मले इथंच बरं हाये." चष्मा नाही, काही नाही, तिरपं बघायचा हट्ट. मी सोडून दिलं.

सिनेमा सुरू झाला. काय लिहू? एक नवरी भर दुपारी कंदील घेऊन नदीच्या रेतीत काहीतरी शोधते. वाजंत्री वाजवतात पण आवाज येत नाही. बाभळीच्या झाडाला कपड्यांऐवजी घड्याळं वाळत घातलेली. एक म्हातारा विहिरीत वाकून हाक मारतो आणि विहिरीतून त्याचीच हाक आधी येते, मग त्याचं तोंड उघडतं. पहिल्यांदा लोक गप्प बसले. मग कुणीतरी म्हणालं, "किसनसिंग, रीळ उलटं लावलं काय बे?" हशा पिकला. किसनसिंगलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने बत्ती लावून रीळ काढून पाहिलं, पुन्हा लावलं. शालिग्राम पाटलांचे बैल आले. नुसत्या शेपट्या आल्या. दोन शेपट्या माश्या हाकलताना, कितीतरी वेळ. पाटलांच्या घरची माणसं आधी टाळ्या वाजवायला लागली, मग थांबली. "तोंडं कुठी गेले माह्या बैलायचे?" पाटील ओरडले, आणि पुन्हा सगळा तंबू हसला.

मग हे आले.

डोक्यावर आमचं दार. दुरून, उन्हाने तापलेल्या वावरातून. तेच चालणं, डावा पाय जरा ओढून, खांदे मोकळे. पडद्यावर दोन माणसांएवढे उंच. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी नुसती बघत राहिले. कानामागचा तीळसुद्धा दिसला. मी विसरले होते तो तीळ. नवऱ्याच्या कानामागचा तीळ बाई दोन वर्षांत विसरते, याचं रडू मला आता लिहिताना येतंय.

ते जवळ आले, दार टेकवलं, घाम पुसला आणि बोलले. काहीतरी अवघड बोलले, घर कुठे आहे, घर मागे राहिलं की पुढे आहे, असलं. आवाज यांचा नव्हता. मुंबईच्या कुणा नटाचा दिला होता, भरदार, शुद्ध. मला क्षणभर खटकलं, पण मला आवाजाशी काय करायचं होतं? चेहरा समोर होता.

आत्याबाईंनी माझा हात धरला. "हा कोन बोलून राह्यला?"

"हेच की."

"नोहे. हा माहा लेक नोहे."

"आत्याबाई, समोर धडधडीत दिसताहेत ना!"

"नोहे म्हनलं न! हा कोन परका मानूस हाये." मोठ्याने म्हणाल्या. मागच्या बायका खुदखुदल्या. गंगू म्हणाली, "म्हातारी लेकाले वयखत नाही, आता काय म्हनाव!" मला इतका राग आला. हिच्यासाठी पत्र लिहिलं, परक्या माणसाची रात्र बुडवली, माझी खपली काढून घेतली, आणि हिला पोटचा पोरगा ओळखू येत नाही! मी हात सोडवून घेतला. हे मी खरं तेच लिहिते आहे. मी हात सोडवून घेतला.

रीळ संपलं, बत्ती लागली. किसनसिंगचं एकच यंत्र, त्यामुळे दर रिळाला थांबावं लागतं. निम्मे पुरुष उठून गेले. "पैशे वापस दे," कुणीतरी म्हणत होतं. आत्याबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "घरी जाऊ चाल." मी म्हटलं, आता आलोय तर संपेपर्यंत बसायचं.

पुढच्या रिळात बोलणं नव्हतं. हे दार घेऊन एका माळावर येतात. चारी बाजूंनी काहीच नाही, ना भिंत, ना छप्पर. दार उभं करतात, त्याच्यासमोर उभे राहतात. थोडा वेळ नुसता वारा. मग यांनी हात वर केला आणि कडी वाजवली.

दोनदा. मग एक खोकला. मग पुन्हा एकदा, हळू.

ती आमची कडी होती. तो खोकला यांचा होता. रात्री टॉकीजवरून परतताना हे असेच वाजवायचे, दोनदा, मग घसा साफ करायचा, मग एकदा हळू, की उशीर झाला म्हणून रागावू नका.

"आली रे बाप्पा!" आत्याबाई उभ्या राहिल्या. "थांब. उघडते. आली."

आणि चालायला लागल्या. दोन्ही हात पुढे. एका बाईच्या मांडीवर पाय पडला, लेकरू रडलं, त्या थांबल्या नाहीत. मला वाटलं पडद्याकडे जातील. पडद्यावर हे उभे होते, एवढे मोठे, दाराकडे तोंड करून, वाट बघत. पण आत्याबाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या खांबाकडे गेल्या, भोंग्याच्या डब्याकडे. त्याच्यावर हात फिरवायला लागल्या, वर, खाली, कडेने. अडसर शोधत होत्या. "कुठी गेला व अडसर," म्हणत होत्या. "थांब, जाऊ नको. उघडते."

मागे पडद्यावर हे पुन्हा कडी वाजवत होते.

तंबूत कुणी हसलं नाही. गंगूसुद्धा नाही. मी तिथेच बसून होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे डाळीतला खडा आला, उलटं लुगडं आलं, मेणबत्ती आली. एक डोळा शाबूत, म्हणे. मी दोन डोळ्यांची बाई एकाच घरात राहते आणि मला दिसलं नाही.

मी जाऊन त्यांना मागून धरलं. "आत्याबाई, हा डबा आहे. आवाजाचा डबा."

"मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "मालूम हाये व. पन वाजवते तं उघडा लागते न? कोनी उघडूनच नाही राह्यलं त्याले."

सिनेमात शेवटपर्यंत ते दार कुणी उघडत नाही. बाकी सिनेमा मला समजला नाही, पण एवढं समजलं. बंद कवाडापुढे उभं राहणं मला कुणी शिकवायला नको.

लोक गेल्यावर किसनसिंग आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय, ते रीळ अजून एक डाव लावू काय?" त्याने लावलं. रिकाम्या तंबूत आत्याबाई डब्याला पाठ टेकून बसल्या, मी पडद्यासमोर बसले. त्यांनी ऐकलं, मी पाहिलं. किसनसिंग यंत्रापाशी उभा होता, तो काय बघत होता मला ठाऊक नाही. मी मागे वळले तेव्हा त्याने पटकन मान वळवली. त्यालाही मित्राची आठवण आली असणार.

१५ डिसेंबर

विचारलं. गेल्या पोळ्यापासून काही दिसत नाही. आधी धूसर, मग उजेड-अंधार, आता तोही नाही.

"सांगितलं काहून नाही?" रागाने मीही त्यांच्यासारखीच बोलले.

"सांगतली असती तं तू गेली असती काय मंगरूयले? म्हनलं, मले दिसते असं समजून जाईन बिचारी. मंग मी अन् हे घर. भिंतींयले धरून मले सारं गवसते."

"आणि सिनेमा? दिसत नव्हतं तर कशाला हट्ट?"

"पायाचा नव्हता मले. आयकाचा होता. तुले त्याचा चेहरा आठवते, नाही काय? मले त्याचा आवाज आठवे ना. दोन वर्सांपासून आठवून राह्यली, येतच नाही." मग म्हणाल्या, "खोकला तं भेटला."

दोघी रडलो. पुष्कळ रडलो, आणि मग मी पिठलं टाकलं.

मी म्हटलं, तुम्ही माणसं कडीवरून ओळखता, मग माझी कडी कशी असते? तर म्हणतात, "तू कुठी वाजवतेस? तू नुसती ढकलतेस कवाड. थकल्या बैलावानी आत येतेस अन् बसतेस. मी बोलल्याबिगर बोलत नाहीस." खरं आहे. दिवसभर इतरांच्या कड्या वाजवून माझे हात दुखतात.

२७ डिसेंबर

अर्ज टाकला, पण दादाला स्पष्ट कळवलं की येऊ तर दोघी येऊ, आणि माझ्या वयाची काळजी सध्या नको. मंगरूळला दवाखाना जवळ आहे, शाळेला लागून खोली मिळते आहे. वर्गाच्या मधल्या सुट्टीत घरी येता येईल. आत्याबाई ऐकायला तयार नाहीत. दोन दिवस नाही-नाही, आज खरं कारण निघालं.

"कवाड इथं राह्यते."

"म्हणजे?"

"तो वाजवत होता ते कवाड."

मी म्हटलं, आत्याबाई, ते आता येणार नाहीत.

"मी का येडी हाओ? येत नाही ते मालूम हाये मले. पन कवाड त्याचं हाये. त्याच्या कडीवर गंगूच्या पऱ्हाट्या टेकून ठेवू काय?"

१ जानेवारी १९७७

त्या रात्रीच्या खेळाचे पैसे देऊ केले, तर किसनसिंग नकोत म्हणाला, चहा घेतला. आत्याबाईंनी त्याला दाराचं सांगितलं, तक्रार केल्यासारखं. तो उठला, दाराच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या. म्हणाला, "चार मानसं लागतीन. ट्रकात एवढे बांबू जातेत, तं एक कवाड जड हाये काय? माहा पुढचा मुक्काम मंगरूयच हाये."

मी म्हटलं, तुम्ही तर कारंज्याला जाणार होता ना? तो म्हणाला, "तिथं आता धंदा नाही राह्यला." आला तेव्हा तर कारंज्याचं कौतुक सांगत होता. धंद्याच्या माणसांचं असंच असतं, घडीघडी बेत बदलतात. तो गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मानूस कडी एकच डाव वाजवते. मांगं सरून उभं राह्यते. असं मानूस चांगलं असते." मी म्हटलं, हो, सभ्य आहे. "सभ्य हाये म्हनते," असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

१६ जानेवारी, मंगरूळपीर

बदलीचा हुकूम लवकर आला, आणि आलो. कंबर मोडली आहे, तरी लिहिते.

सकाळी दार काढलं. शालिग्राम पाटलांनी दोन गडी पाठवले, स्वतःही आले आणि बैलांच्या तोंडांची चौकशी केली. दाराच्या जागी गंगूने पोतं लावलं. तिने मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "तुमी नाही राह्यल्या तं आता कोनाले शिव्या देऊ?" ज्या घरांनी महिनाभर कवाड उघडलं नव्हतं, त्यांतल्या बायका उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. एकीने भाकरी बांधून दिली.

ट्रकात तंबू, बांबू, यंत्राची पेटी, आमच्या दोन ट्रंका, चूल, आणि वर आडवं दार. किसनसिंगने पुढे ड्रायव्हरजवळ बसा म्हणून किती सांगितलं. आत्याबाई मागेच बसल्या, दाराला टेकून. मग मीही मागेच बसले. किसनसिंग पुढे जायचा तो गेलाच नाही, फळीला धरून उभा राहिला, ऊन अडवून. मी म्हटलं, बसा की. म्हणाला, उभाच बरा हाओ.

दोन्ही बाजूंनी वेचून झालेली वावरं. उघडी, फक्त कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या. मी किती दिवसांनी नुसती बघत बसले. कुणाच्या दारात जायचं नव्हतं.

रस्ता खराब. खड्डा आला की ट्रक आदळायचा आणि कडी वाजायची. कधी एकदा, कधी दोनदा. आत्याबाईंचा हात दारावर होता. कडी वाजली की त्या दर वेळी म्हणायच्या, "हो रे बाप्पा, हो. आमी संगंच हाओ."